फोटोची खरी तारीख: विस्कटलेले फोल्डर नीट लावण्याचं काम, आणि त्यातला धंदा

या वेळच्या व्हिडिओत आपण जुने फोटो स्कॅन करून, नीट लावून देण्याच्या व्यवसायाबद्दल बोललो. स्कॅनर, लॅपटॉप, जागा हे सगळं त्यात आलं. पण तारखांचा भाग मी शेवटच्या दोन मिनिटांत उरकला आणि नंतर माझं मलाच वाटलं, हे बरोबर झालं नाही. स्कॅनर कुणीही विकत आणेल. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्याचे फोटो ओळीने लागलेले दिसावेत म्हणून. आणि ओळ लागते तारखेवर. म्हणून आज फक्त तारीख. वही घेऊन बसा.

आधी एक गोष्ट सांगतो. कृष्णाकाठच्या एका गावात आमच्या ओळखीचा एक स्टुडिओवाला आहे. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं करतो. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेलच. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. याच्या स्टुडिओत काउंटरपर्यंत पाणी. गड्यानं शहाणपणा केला, दोन हार्ड डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून शेजारच्या माडीवर नेऊन ठेवल्या. पूर ओसरल्यावर पुतण्या म्हणाला, काका, जुन्या डिस्कचा भरवसा नाही, सगळं नव्या डिस्कवर टाकतो. टाकलं. जुन्या डिस्क पुसून दुसऱ्या कामाला घेतल्या.

महिन्याभरानं एक मुलगी आली. वडील वारले होते. त्यांचा एकच चांगला फोटो, तोही थोरल्या बहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. फ्रेम करायची होती. आमच्या गड्याची पद्धत अशी, की फोल्डरला नाव द्यायचंच नाही. 'न्यू फोल्डर ७', 'न्यू फोल्डर ८', नाहीतर कॅमेऱ्यानं दिलेलं '१०१ कॅनन'. तो फोल्डरच्या तारखेवरून ओळखायचा. मे महिन्यातला दुसरा फोल्डर म्हणजे अमक्याचं लग्न. आता नव्या डिस्कवर बघतो तर अकरा वर्षांच्या सगळ्या फोल्डरांवर एकच तारीख, सप्टेंबर २०१९. पुतण्यानं कॉपी केलेला दिवस.

मुलगी समोर उभी, आणि हा माउस फिरवत बसलेला. तो मला म्हणाला, "सर, पुरानं नेलं नाही ते मीच घालवलं असं वाटलं."

एका फोटोला तारखा किती?

निदान तीन. सातबारा डोळ्यासमोर आणा. फेरफाराची तारीख म्हणजे जमीन त्या दिवशी तयार झाली असं आपण म्हणत नाही. फक्त नोंद त्या दिवशी झाली. फाइलचंही तसंच आहे.

'क्रिएटेड' ही तारीख सांगते, ही फाइल या डिस्कवर राहायला कधी आली. 'मॉडिफाइड' सांगते, फाइलच्या मजकुराला शेवटचा हात कधी लागला. आणि 'डेट टेकन' म्हणजे कॅमेऱ्यानं बटण दाबताना फोटोच्या पोटात लिहून ठेवलेली तारीख. या पोटातल्या माहितीला एक्झिफ म्हणतात. पहिल्या दोन तारखा डिस्कच्या वहीत असतात, तिसरी फोटोसोबत प्रवास करते.

म्हणून विंडोजमध्ये फोटो कॉपी केला की 'क्रिएटेड' आजची होते आणि 'मॉडिफाइड' जुनीच राहते. कित्येकजण मला स्क्रीनशॉट पाठवतात की सर, फाइल तयार व्हायच्या आधीच बदलली गेली असं दाखवतंय, व्हायरस आहे का? व्हायरस नाही. कॉपी केलेली फाइल आहे, एवढंच.

फोल्डरची गोष्ट याहून वाईट. फोल्डरच्या पोटात एक्झिफ वगैरे काही नसतं. त्याला फक्त डिस्कच्या वहीतली तारीख. साधं कॉपी-पेस्ट केलं की तीही गेली. बरं, कॉपी केलं नाही, नुसती आत एखादी फाइल टाकली किंवा काढली, तरी फोल्डरची 'मॉडिफाइड' बदलते. फोटो बघायचं एखादं सॉफ्टवेअर स्वतःची छोटी लपलेली फाइल आत ठेवून देतं, तेवढ्यानंसुद्धा बदलते. थोडक्यात, फोल्डरच्या तारखेवर कधीही धंदा उभा करू नका. तारीख फोल्डरच्या नावात लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग नाव. '२०१३-०५-२० पाटील-लग्न-बोरगाव' असं. इथं मी मराठी आकडे लिहितोय, पण फाइलच्या नावात इंग्रजी आकडे टाका. कॅमेऱ्याच्या फाइली इंग्रजी आकड्यांतच येतात, दोन्ही मिसळले की ओळ बिघडते.

आता, आमच्या स्टुडिओवाल्याचं नशीब असं की फोटोंच्या पोटातली तारीख शाबूत होती. एक्सप्लोररमध्ये कॉलमच्या डोक्यावर राइट क्लिक करून 'डेट टेकन' हा कॉलम चालू केला आणि त्यावर ओळ लावली. बाकीची वर्षं आपोआप वेगळी झाली. पण बहिणीचं लग्न काही सापडेना.

कॅमेऱ्याचं घड्याळ

ते लग्न सापडलं २००८ च्या जानेवारीत! म्हणजे बघा, कॅमेऱ्यात घड्याळापुरती एक छोटी बॅटरी असते. ती पार उतरली की घड्याळ कंपनीनं ठरवलेल्या एखाद्या १ जानेवारीवर परत जातं. घाईत फोटोग्राफर 'ओके' दाबतो आणि शूट चालू करतो. पुढची सगळी लग्नं चुकीच्या सालात.

हे दुरुस्त होतं, आणि सोपं आहे, कारण चूक सगळीकडे सारखीच असते. एकाच फोटोची खरी वेळ कळली की बाकीचे दीड हजार फोटो तेवढेच सरकवायचे. खरी वेळ कुठून मिळेल? लग्नपत्रिका. मुहूर्त छापलेला असतो, आणि अक्षता पडतानाचा फोटो असतोच. समजा पत्रिकेत २० मे २०१३, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं आहे, आणि अक्षतांच्या फोटोवर ३ जानेवारी २००८, पहाटे ४ वाजून १० मिनिटं. फरक १९६४ दिवस, ८ तास, २५ मिनिटं. फरक दिवसांत काढा. '५ वर्षं ४ महिने' असा काढलात तर महिने कधी २८ चे, कधी ३१ चे. लग्न आणि सत्यनारायण वेगवेगळ्या महिन्यांत पडले की एक-दोन दिवसांची गफलत होते. (मुहूर्त वेळेवर लागतो का, हा वेगळा विषय! पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं होणारच. त्यानं काही बिघडत नाही, ओळ तीच राहते.)

सरकवायला साधनं दोन, दोन्ही फुकट. कॅनडातल्या फिल हार्वी यांनी २००३ पासून चालवलेलं एक्झिफटूल, आणि ज्यांना काळ्या स्क्रीनची भीती वाटते त्यांच्यासाठी डिजीकॅम. डिजीकॅममध्ये सगळे फोटो निवडून तारीख-वेळ पुढंमागं करायची सोय आहे. एक्झिफटूलची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते आपणहून मूळ फाइल बाजूला ठेवतं, नावापुढे 'ओरिजिनल' लावून. नवशिक्यांचा जीव यानं वाचतो. पण त्यावरही विसंबू नका. आधी सगळ्याची एक प्रत, ती प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि काम फक्त कॉपीवर.

आणि ती प्रत घेताना पुतण्याची चूक करू नका. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कॉपी करण्याची सोय आधीपासूनच आहे. ती फाइलींच्या तारखा जपते, फोल्डरच्या तारखा जपायला मात्र 'डीकॉपी' या स्विचला 'टी' हे अक्षर जोडावं लागतं, नाहीतर फोल्डर पुन्हा आजच्या तारखेचे. मोठ्या फोल्डरवर चालवायच्या आधी दहा फोटोंच्या फोल्डरवर करून बघा, दोन्हीकडच्या तारखा शेजारी ठेवून.

लग्नात दोन कॅमेरे असतील तर अजून एक दुखणं. एकाचं घड्याळ सात मिनिटं पुढं, मग हार आधी आणि नवरी नंतर. पुढच्या शूटला दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढा. फरक घरी आल्यावर काढता येतो.

व्हिडिओचं वेगळं. बऱ्याच मोबाइलच्या व्हिडिओ फाइलमध्ये वेळ भारताची नसते, जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. अक्षतांचा व्हिडिओ सकाळी सात वाजून पाच मिनिटांचा दिसतो आणि हळदीच्या आधी जाऊन बसतो. पण सगळेच कॅमेरे असं करत नाहीत, काही सरळ स्थानिक वेळ लिहितात. म्हणून डोळे झाकून सगळ्या व्हिडिओंना साडेपाच तास मिळवू नका. एक व्हिडिओ उघडा, त्याच क्षणाचा फोटो शोधा, मग ठरवा.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो

हा पोटातून रिकामा असतो. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं तेव्हा कॅमेऱ्याची माहिती, तारखेसकट, काढून टाकतं. नावात दिसणारे आकडे, म्हणजे 'आयएमजी-२०१९०८०७-डब्ल्यूए००१२' मधलं ७ ऑगस्ट २०१९, ही फोटो काढल्याची तारीख नाही. व्हॉट्सॲपवर आल्या-गेल्याची आहे. आजोबांचा १९८५ चा फोटो दिवाळीत फॅमिली ग्रुपवर आला तर नावात दिवाळीचीच तारीख येणार.

गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा: फोटो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग आतली माहिती तशीच येते. पेनड्राइव्ह सगळ्यात बरा.

गूगल फोटोजबद्दल एक सूचना. तिथं तारीख बदलता येते, पण तो बदल गूगलच्या खात्यात राहतो. सगळे फोटो टेकआउटनं बाहेर काढले की फोटोत जुनीच तारीख आणि सुधारलेली तारीख शेजारच्या जेसन फाइलमध्ये. दोन महिने बसून केलेलं काम गेलं असं वाटतं. गेलेलं नसतं, त्या जेसन फाइलींमध्ये असतं, म्हणून त्या कचरा समजून डिलीट करू नका.

अल्बममधले जुने फोटो

इथं खरी मजा आहे आणि खरं कामही. स्कॅन केलेल्या फोटोच्या पोटात स्कॅनरनं तारीख लिहिलीच तर ती स्कॅन केल्याची असते. मूळ तारीख तुम्हालाच शोधायची आणि लिहायची.

फोटो अल्बममधून काढल्याबरोबर पाठ बघा आणि पाठही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, शाईनं लिहिलेलं नाव, कधीकधी साल. मग घरातल्या जाणत्या माणसाजवळ बसा. आजींना "कुठलं साल?" असं विचारलं तर त्या "लई जुना हाय" म्हणतील आणि विषय संपेल. "तेव्हा थोरल्या काकांचं लग्न झालं होतं का? धाकटा चालत होता का?" असं विचारा. दोन प्रश्नांत तुम्ही वर्षाच्या जवळ जाता.

पाठीमागं उभी असलेली गाडीही बोलते. नंबरप्लेटवर एमएच-१० दिसलं तर फोटो १९८९ नंतरचा, त्याआधी आपल्याकडं एमएच नव्हतंच. आपल्या भागात सभेचे फोटो घरोघरी निघतात. फोटोत क्रांतिसिंह नाना पाटील असतील, तर तो ६ डिसेंबर १९७६ च्या आधीचाच, कारण त्या दिवशी ते गेले.

आणि पत्रिका. जुन्या पत्रिकेवर तिथी आणि शके असतं, इंग्रजी तारीख कधी असते, कधी फाटलेली असते. शकेत ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत शिकलो. पण शक सुरू होतो गुढीपाडव्याला. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या लग्नाला ७९ मिळवायचे. शके १९१५, माघ महिना, हे लग्न १९९३ चं नाही, १९९४ च्या फेब्रुवारी-मार्चमधलं आहे. एका घरी मी स्वतः हा घोळ घातला, लग्न एक वर्ष आधी लावून टाकलं. मग थोरला मुलगा लग्नानंतर पावणेदोन वर्षांनी झाला असं दिसू लागलं. सासूबाईंनी फोटो बघितला आणि लगेच चूक काढली.

ही तारीख लिहायची कुठं? एक्झिफमध्ये आणि फाइलच्या नावात. फाइलच्या 'क्रिएटेड'-'मॉडिफाइड'मध्ये लिहायच्या भानगडीत पडू नका, त्याला एक पक्कं कारण आहे. पेनड्राइव्हवर जी मांडणी असते, फॅट किंवा एक्सफॅट, तिचं कॅलेंडर १ जानेवारी १९८० ला सुरू होतं. १९५६ ही तारीख तिथं मावतच नाही. आणि एखाद्या फोटोवर '१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०' दिसलं, तर कुणाचा वाढदिवस समजू नका. कॉम्प्युटरच्या हिशेबात तो शून्य आहे. शून्याला आपले साडेपाच तास मिळवले की पहाटेचे साडेपाच वाजतात. म्हणजे तारीख हरवली आहे.

वर्ष माहीत आणि दिवस माहीत नाही, असं निम्म्या फोटोंचं असतं. तिथं मी एक्झिफमध्ये १ जानेवारी, दुपारी बारा असं घालतो आणि फोटोच्या वर्णनात 'वर्ष अंदाजे' असं स्पष्ट लिहितो. दुपारी बारा एवढ्यासाठी, की एखाद्या सॉफ्टवेअरनं साडेपाच तास इकडंतिकडं केले तरी फोटो आदल्या सालात जाऊ नये. नावात '१९७४-००-००' लिहितो, मग तो त्या वर्षाच्या आधी लागतो आणि बघणाऱ्याला कळतं की दिवस ठाऊक नाही.

सोबत एक्सेलची शीट ठेवा. फाइलचं नाव, आधी दिसत असलेली तारीख, आपण घातलेली तारीख, ती कशावरून घातली, आणि पक्की की अंदाजे. 'कशावरून' हा रकाना रिकामा सोडायचा नाही. 'आजींनी सांगितलं' हेसुद्धा चालतं, पण लिहा. गिऱ्हाइकाला डिस्कसोबत ही शीट द्या. दुसरा कुणी देत नाही, आणि तुमचं नाव यावरच होईल.

एक काम जे मी घेतलं नाही

पुरानंतर एक दुकानदार भेटले. दुकानातला माल वाहून गेला होता. विम्यासाठी पुराआधीच्या मालाचा फोटो हवा होता. फोटो होता, पण व्हॉट्सॲपवरून आलेला, आत तारीख नाही आणि फाइलवर पुरानंतरची तारीख. म्हणाले, "सर, तुम्हाला येतंय ना, जरा जुलै करून द्या. खोटं काय आहे त्यात? फोटो जुलैचाच आहे."

आणि फोटो जुलैचाच होता, याबद्दल मला शंका नव्हती. तरी नाही म्हणालो. घरच्या अल्बमात मी तारीख घालतो ती घरच्यांच्या सोयीसाठी, शीटमध्ये लिहून. इथं तोच हात पुराव्याला लागणार होता. उद्या कुणी तपासलं की तारीख नंतर घातली आहे, तर खरा फोटोही खोटा ठरतो, आणि माणूस आयुष्यभर सांगत बसतो की माल खरंच होता.

आम्ही दुसरं केलं. फोटो मुळात कुणाच्या मोबाइलमध्ये काढला ते शोधलं. त्यांच्या मेव्हण्याच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो निघाला, आतल्या तारखेसकट. तो पेनड्राइव्हवर घेतला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. सोबत त्या महिन्याची खरेदीची बिलं जोडली.

आता तर कायद्यानंही हे महत्त्वाचं झालंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवतात. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा एक लांबलचक आकडा. फाइलचं नुसतं नाव बदललं तर तो बदलत नाही, पण फोटोच्या पोटातली तारीख एका मिनिटानंही सरकवली की पूर्ण वेगळा निघतो. म्हणून पंचनामा, विमा, वाटणी, कोर्ट यातलं काहीही कानावर आलं, की फोटोला हात लावू नका. मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा आणि वकिलाकडं पाठवा. हे काम घेऊन मिळणारे चारशे रुपये फार महागात पडतात.

दर कसा सांगायचा?

फोटोमागे एकच दर सांगितला की मराल. स्कॅनिंगला फोटोमागे दर ठीक आहे, कारण वेळ ठरलेला असतो. तारखा शोधायला किती वेळ जाईल ते अल्बम बघितल्याशिवाय कळत नाही. मी असं करतो: पहिले शंभर फोटो नमुना म्हणून घेतो, घड्याळ लावतो. समजा तीन तास लागले, आणि घरात बाराशे फोटो आहेत, तर छत्तीस तासांचं काम. त्याचा दर तासावर सांगतो, स्कॅनिंग वेगळं. जाणत्या माणसासोबत किती बैठका होतील तेही लिहून घेतो, नाहीतर आजी प्रेमानं चहा पाजतात, प्रत्येक फोटोची कथा सांगतात, आणि तुमचा महिना तिथंच जातो. (कथा मात्र मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. घरच्यांना त्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात.)

आणि गिऱ्हाईक आणायला बाहेर जाऊ नका. आधी स्वतःच्या घरचे शंभर फोटो घ्या, शीटसकट पूर्ण करा, आणि तेच नमुना म्हणून दाखवा.

त्या मुलीचा फोटो तिला मिळाला. तिसऱ्या रात्री, २००८ च्या जानेवारीत चुकून बसलेल्या लग्नात, फेटा बांधलेले वडील मांडवाच्या दारात उभे होते. गड्यानं फ्रेमचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुतण्याला बसवून फोल्डरांना नावं देणं सुरू केलं. अजून २०११ पर्यंत आलेत.

पुढच्या व्हिडिओत फ्लॅटबेड स्कॅनर आणि अल्बमला चिकटून बसलेले फोटो न फाडता कसे काढायचे, ते करून दाखवतो.